विमान-प्रतिकृतीचे इंजिन सुरक्षितपणे सुरू करण्याची कार्यपद्धती : महाविद्यालयीन एरोमॉडेलिंग उपक्रमाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामीण विद्यार्थ्याला लहान इंजिन अपरिचित नसते. कपाशीच्या शेतात पाठीवर घेऊन चालविला जाणारा फवारणी पंप, विहिरीवरचे डिझेल इंजिन, घरातील दुचाकी ही यंत्रे तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. त्यामुळे महाविद्यालयात विमान-प्रतिकृती तयार करण्याचा, म्हणजेच एरोमॉडेलिंगचा उपक्रम सुरू झाला की तिच्या नाकावरील मुठीएवढ्या इंजिनाची त्याला भीती वाटत नाही. यंत्राशी असलेली ही ओळख शिक्षणाच्या दृष्टीने मोठे भांडवल आहे. परंतु सुरक्षेच्या दृष्टीने तीच ओळख घातक ठरू शकते. फवारणी पंपाचा पंखा आवरणात बंद असतो, तर विमान-प्रतिकृतीचा पंखा पूर्णतः उघडा असतो. पंपाची दोरी ओढणारा हात पंख्यापासून दूर राहतो. प्रतिकृतीत मात्र तो पंखाच हाताने फिरवून इंजिन सुरू करण्याची प्रथा आहे.

एरोमॉडेलिंगविषयी बोलताना बहुधा उड्डाणातील अपघातांचाच विचार होतो. प्रत्यक्षात माणसाचे शरीर फिरत्या पंख्याच्या सर्वांत जवळ असते ते जमिनीवर, इंजिन सुरू करण्याच्या व त्याची जुळणी करण्याच्या काही मिनिटांत. म्हणून प्रस्तुत लेखात याच टप्प्याचा विचार केला आहे. इंजिनाची रचना, पंख्याचा व इंधनाचा धोका, इंजिन सुरू करण्याचा क्रम, इंजिन सुरू न झाल्यास घ्यावयाची काळजी आणि मार्गदर्शक प्राध्यापकाची जबाबदारी या मुद्द्यांच्या आधारे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी

भारतातील महाविद्यालयांत एरोमॉडेलिंग रुजविण्याचे कार्य प्रामुख्याने राष्ट्रीय छात्रसेनेने केले. १९४८ मध्ये छात्रसेनेची स्थापना झाली आणि १९५० मध्ये मुंबई व कोलकाता येथे प्रत्येकी एक स्क्वॉड्रन उभारून तिच्या वायुविभागाचा आरंभ झाला. विदर्भात नागपूर येथे २ महाराष्ट्र एअर स्क्वॉड्रन आहे. वायुविभागाच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंग हा विषय असून अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. छात्रसेनेत या विषयासाठी प्रशिक्षित निदेशक असतो आणि त्याच्या देखरेखीखालीच छात्र इंजिनाला हात लावतो. अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने व विज्ञान मंडळे यांनी हा उपक्रम स्वतंत्रपणे हाती घेतल्यास साहित्य विकत मिळते, परंतु निदेशकाची शिस्त त्यासोबत मिळत नाही. ती उणीव संबंधित प्राध्यापकालाच भरून काढावी लागते.

इंजिनाची रचना व कार्य

विमान-प्रतिकृतीत सर्वाधिक वापरले गेलेले इंजिन ‘ग्लो इंजिन’ या नावाने ओळखले जाते. ते टू-स्ट्रोक तत्त्वावर चालते. त्यात दुचाकीप्रमाणे ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. त्याऐवजी प्लॅटिनमयुक्त बारीक तारेचे वेटोळे असलेला ग्लो प्लग असतो. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत रे आर्डेन यांनी हा प्लग प्रचारात आणला आणि प्रतिकृतीवर बॅटरी व कॉइलचे ओझे वाहण्याची गरज संपली.

इंजिन सुरू करताना सुमारे दीड व्होल्टची बॅटरी प्लगला जोडली जाते व तार लाल होते. इंजिन चालू झाल्यावर बॅटरी काढून घेतली तरी तार तप्तच राहते; कारण सिलिंडरमधील ज्वलनाच्या उष्णतेसोबतच प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मेथनॉलचे उत्प्रेरकी ऑक्सिडीकरण होऊन उष्णता निर्माण होत असते. रसायनशास्त्राच्या वर्गात उत्प्रेरकाचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

या रचनेतून सुरक्षेचा एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ग्लो इंजिनाला दुचाकीसारखी चावी नसते. तार तप्त असेल, सिलिंडरमध्ये इंधन असेल आणि पंखा थोडा जरी फिरला, तरी इंजिन पेट घेऊ शकते. बॅटरी जोडलेल्या क्षणापासून पंखा सजीव समजावा, हा या विषयातील पहिला नियम होय.

पंख्याचा धोका : एक साधे गणित

सुमारे साडेसहा घनसेंटिमीटरच्या इंजिनावर साधारणतः १० इंच, म्हणजे २५.४ सेंटिमीटर व्यासाचा दोन पात्यांचा पंखा बसवितात. तो मिनिटाला १०,००० फेरे घेतो असे मानू. पंख्याच्या टोकाने एका फेऱ्यात कापलेले अंतर सुमारे ८० सेंटिमीटर होते आणि सेकंदाला सुमारे १६७ फेरे होतात. म्हणजेच टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १३३ मीटर, अर्थात ताशी सुमारे ४८० किलोमीटर इतका असतो.

पाती दोन असल्यामुळे एका ठिकाणाहून सेकंदाला सुमारे ३३३ वेळा पाते जाते. धोका जाणवून हात मागे घेण्यास माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत त्या जागेवरून ६६ वेळा पाते गेलेले असते. बोट सेकंदाला एक मीटर या सामान्य गतीने पंख्यात शिरले, तर दर तीन मिलिमीटरला एक घाव बसतो. ‘लक्ष ठेवीन, हात पटकन मागे घेईन’ या भरवशाला येथे काहीच अर्थ उरत नाही. शिवाय वेगात फिरणारी पाती डोळ्यांना दिसत नाहीत. दिसते ती केवळ धूसर चकती, आणि उन्हात तीही दिसेनाशी होते.

म्हणून सुरक्षेची भिस्त विद्यार्थ्याच्या चपळाईवर ठेवता येत नाही. हात पंख्याच्या वर्तुळात जाण्याचा प्रसंगच येणार नाही, अशा रीतीने कामाचा क्रम बसविणे हाच खरा उपाय आहे.

दुसरा धोका पंख्याच्या प्रतलात असतो. पाते तुटले किंवा नट सैल होऊन पंखा सुटला, तर तुकडे मुख्यतः त्याच प्रतलात, म्हणजे पंख्याच्या दोन्ही बाजूंना व वर फेकले जातात. इंजिन चालू असताना पंख्याच्या रेषेत बाजूला कोणीही उभे राहू नये. पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रतिकृतीच्या मागे, काही मीटर अंतरावर उभे राहावे. चीर गेलेला वा कड तुटलेला पंखा चिकटवून वापरू नये. तो मोडून टाकून द्यावा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती लागणार नाही.

इंधनाचा धोका

ग्लो इंजिनाच्या इंधनात मेथनॉल हा मुख्य घटक असतो. वंगणासाठी सुमारे एक-पंचमांश एरंडेल किंवा कृत्रिम तेल आणि काही वेळा थोडे नायट्रोमिथेन मिसळलेले असते.

मेथनॉलचा प्रज्वलनांक ११ ते १२ अंश सेल्सिअस इतका कमी आहे. यवतमाळात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा हवेत उघड्या डब्यातून ज्वलनशील वाफ सतत बाहेर पडत राहते. मेथनॉलची ज्योत फिकट निळी असते व भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. प्रतिकृती पेटली आहे हे कळण्याआधीच हात भाजू शकतो. त्यामुळे इंधनाचा डबा झाकण लावून सावलीत व इंजिनापासून दूर ठेवावा. मैदानावर एका दिवसापुरतेच इंधन न्यावे. वाळूची बादली व कोरड्या रासायनिक भुकटीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक हाताशी असावे.

मेथनॉल विषारी आहे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात मेथनॉलमिश्रित दारूमुळे शंभराहून अधिक बळी गेले, ही घटना महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. मेथनॉल पोटातून तर जातेच, परंतु श्वासावाटे व त्वचेतूनही शरीरात शिरते. तोंडाने नळी ओढून टाकीत इंधन भरण्याची, ट्रॅक्टर-दुचाकीच्या बाबतीत सर्रास दिसणारी सवय येथे पूर्णतः निषिद्ध मानावी. इंधन हातपंपाने भरावे. ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. डब्यावर ‘विष’ व ‘ज्वलनशील’ असे मराठीत ठळक लिहावे. एक्झॉस्टमधील वायूही घातक असल्याने इंजिन वर्गात वा बंद प्रयोगशाळेत चालवू नये.

इंजिन सुरू करण्याचा क्रम

*(अ) पूर्वतयारी.* इंजिन प्रतिकृतीला किंवा चाचणीच्या पाटाला स्क्रूने घट्ट बसविलेले असावे. हातात धरून वा बाकाच्या शिकंज्यात कसेबसे अडकवून ते चालवू नये. पंख्याचा नट पान्याने तपासावा. जागा स्वच्छ करावी. मुरुमाचे खडे पंखा ओढून घेतो व मागे फेकतो. काळ्या मातीची धूळ इंजिनात जाते. त्यामुळे सतरंजीचा तुकडा, फळी किंवा टेबल वापरणे चांगले.

विद्यार्थ्याच्या अंगावर लोंबते काही नसावे. ओढणी, टाय, गळ्यातील ओळखपत्राची फीत, सैल बाही, मोकळे केस, मनगटावरील धागा किंवा गंडा यांपैकी काहीही पंख्यात ओढले जाऊ शकते. रेडिओ-नियंत्रण यंत्र गळ्यात अडकवून इंजिनावर वाकणे विशेष धोक्याचे आहे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, पायांत बंद बूट असावेत.

*(आ) धरणारा व सुरू करणारा.* हे काम एकट्याने करावयाचे नाही. एक विद्यार्थी प्रतिकृतीच्या मागे बसून ती दोन्ही हातांनी पक्की धरतो. त्याचे लक्ष दुसरीकडे नसते. वर उल्लेखिलेल्या आकाराचे इंजिन पूर्ण वेगात दीड ते दोन किलोग्रॅम वजनाइतका ओढा निर्माण करते. न धरलेली हलकी प्रतिकृती थेट सुरू करणाऱ्याच्या अंगावर येते. रेडिओ-नियंत्रित प्रतिकृतीत आधी नियंत्रण यंत्र व नंतर प्रतिकृतीतील ग्राहक यंत्र चालू करून थ्रॉटल योग्य दिशेने हलतो की नाही ते पाहावे व तो जवळजवळ बंद ठेवावा. थ्रॉटल चुकून पूर्ण उघडा राहिल्यास इंजिन सुरू होताच पूर्ण वेग घेते.

*(इ) इंधन ओढणे.* निडल व्हॉल्व्ह उत्पादकाने सांगितलेल्या फेऱ्यांइतका उघडावा. बॅटरी न जोडता, कार्ब्युरेटरच्या तोंडावर बोट ठेवून पंखा एक-दोन वेळा सावकाश फिरवावा, म्हणजे नळीतून इंधन येते. त्यानंतर पंखा पुन्हा हळूच फिरवून अडकत नाही ना, याची खात्री करावी. ही खात्री वगळता येणार नाही. तिचे कारण पुढे आले आहे.

*(ई) बॅटरी जोडणे व पंखा फिरविणे.* धरणाऱ्याला मोठ्याने सूचना देऊन व त्याचा होकार आल्यावरच बॅटरी जोडावी. येथून पुढे उघडे बोट पंख्याला लावू नये. रबरी आवरणाची काठी, जिला या छंदातील लोक ‘चिकन स्टिक’ म्हणतात, किंवा विद्युत स्टार्टर वापरावा. बोटाने पंखा फिरविणारे जुने हौशी अनेक आहेत. परंतु महाविद्यालयात ती पद्धत शिकवू नये. जाड हातमोजा उलट फटक्याचा मार सौम्य करतो, मात्र चालू पात्यापासून बोट वाचवीत नाही.

उलट फटका म्हणजे काय, हे जिल्ह्यातील विद्यार्थ्याला समजावणे अवघड नाही. हँडल मारून सुरू करावयाच्या डिझेल इंजिनाचे हँडल धरताना अंगठा दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे जुन्या शेतकऱ्यांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. इंजिनाने उलट फटका दिला तर हँडल हातातून सुटून जावे, अंगठा वा मनगट मोडू नये, एवढाच त्यामागील हेतू होता. ग्लो इंजिनातही दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी इंधन पेटले, तर पंखा उलटा फिरतो. काठी मारल्यावर ती लगेच वर्तुळाबाहेर घ्यावयाची, हा त्याच शहाणपणाचा पुढचा धडा आहे.

*(उ) इंजिन चालू झाल्यानंतर.* अननुभवी विद्यार्थ्याची सर्वाधिक चूक येथे होते. इंजिन चालू झाल्याच्या आनंदात तो समोरूनच, पंख्यावरून हात नेऊन बॅटरीची क्लिप काढू पाहतो. योग्य क्रम असा : काठी खाली ठेवावी, पंख्याच्या बाजूने दूर वळसा घालून प्रतिकृतीच्या मागे यावे, मागूनच क्लिप काढावी आणि मागूनच निडल व्हॉल्व्हची जुळणी करावी. सुरू करणे समोरून, बाकी सर्व मागून, हे सूत्र विद्यार्थ्यांकडून पाठ करून घ्यावे. बॅटरीची वायर आखूड ठेवावी व ती पंख्याकडे लोंबणार नाही, असे पाहावे.

*(ऊ) इंजिन बंद करणे.* थ्रॉटल पूर्ण मिटवून किंवा इंधनाची नळी चिमटीत दाबून इंजिन बंद करावे. फडके, काठी किंवा चप्पल पंख्यावर टाकून तो थांबवू नये. पंखा पूर्ण थांबल्यावरही सिलिंडर व सायलेन्सर काही वेळ भाजण्याइतके तप्त असतात.

इंजिन सुरू न झाल्यास

प्रत्यक्ष अनुभवात इंजिन पहिल्या प्रयत्नात क्वचितच सुरू होते. वारंवार प्रयत्न करताना कंटाळा येतो, भोवती विद्यार्थी जमतात, कोणीतरी ‘सर, मी करून पाहू का’ म्हणून पुढे येतो आणि ठरविलेला क्रम मोडतो. म्हणून इंजिन सुरू न होण्याची कारणे शांतपणे व क्रमाने तपासण्याची सवय हीच येथील मुख्य सुरक्षा आहे. कोणतीही तपासणी करण्यापूर्वी बॅटरी काढलीच पाहिजे.

पंखा फिरविल्यावर इंजिन अजिबात प्रतिसाद देत नसेल, तर प्लग काढून व बॅटरीला जोडून तार लाल होते का ते पाहावे. तप्त प्लग चिमट्यात, इंधनापासून दूर धरावा. तार लाल होत नसेल तर बॅटरी उतरलेली आहे किंवा प्लग निकामी झाला आहे. इंजिन क्षणभर चालून बंद पडत असेल, तर इंधन कमी पडत असण्याची शक्यता अधिक. नळीतील बुडबुडे, टाकीतील नळीचे तोंड व निडल व्हॉल्व्ह पाहावे.

सर्वांत धोकादायक स्थिती अतिरिक्त इंधनाची होय. द्रव दाबला जात नाही, हा पदार्थविज्ञानाचा प्राथमिक नियम येथे प्रत्यक्ष दिसतो. सिलिंडरमध्ये इंधन साचले असेल, तर दट्ट्या वर येताना अडतो व पंखा एका जागी घट्ट थांबतो. या अवस्थेत विद्युत स्टार्टर लावल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा पंख्याचा नट सुटतो. थोडे कमी इंधन साचले असेल, तर जोराचा उलट फटका बसतो. उपाय सोपा आहे : बॅटरी काढावी, प्लग काढावा, प्रतिकृती उलटी करून पंखा काही वेळा फिरवावा व साचलेले इंधन फडक्यात टिपून घ्यावे. ते फडके नंतर बंद डब्यात ठेवावे. पाच-सहा प्रयत्नांनंतरही इंजिन सुरू न झाल्यास दहा मिनिटे काम थांबवावे.

विद्युत मोटारीचा विचार

अलीकडे अनेक प्रतिकृतींवर ग्लो इंजिनाऐवजी लिथियम-पॉलिमर बॅटरीवर चालणारी मोटार असते. ती सुरू करावी लागत नाही, आणि तिचा धोका नेमका याच सोयीत आहे. बॅटरी जोडताच, थ्रॉटलला नकळत धक्का लागताच, मोटार पूर्ण जोराने फिरू शकते. ग्लो इंजिन पात्याला अडथळा आला तर बहुधा बंद पडते. मोटार मात्र जोर लावीतच राहते. म्हणून बॅटरी उड्डाणाच्या जागीच जोडावी, बाकावर काम करताना पंखा काढून ठेवावा, आणि बॅटरी जोडलेली असेपर्यंत पंख्याच्या वर्तुळात हात नेऊ नये.

अपघात झाल्यास

बोट कापल्यास जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा व रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. बोटाचा तुकडा वेगळा झाला असेल, तर तो स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून, बंद प्लास्टिक पिशवीत ठेवून ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात वा पाण्यात टाकू नये. यवतमाळहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे. कोठे न्यावयाचे व कोणत्या वाहनाने, हे उपक्रमाच्या आधीच ठरलेले असावे. डोळ्यांत इंधन गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावे. इंधन पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट पाहू नये. मेथनॉलच्या विषबाधेची गंभीर लक्षणे अनेक तासांनी प्रकट होतात व दृष्टी जाण्याचा धोका असतो. डॉक्टरांना ‘मेथनॉल’ हा शब्द स्पष्ट सांगावा.

मार्गदर्शक प्राध्यापकाची जबाबदारी

ड्रोन नियम, २०२१ यांमध्ये शैक्षणिक वा मनोरंजनात्मक हेतूने, नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या दूरनियंत्रित विमान-प्रतिकृतींची व्याख्या केलेली आहे. परंतु हे नियम मुख्यतः उड्डाण व हवाई क्षेत्र यांच्याशी निगडित आहेत. मैदानाच्या कोपऱ्यात इंजिन सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बोटांची काळजी ते घेत नाहीत. ती महाविद्यालयालाच घ्यावी लागते.

या जिल्ह्याला त्या काळजीचे मोल वेगळे सांगावयास नको. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या घटनेची कारणे अनेक होती व त्यांची चर्चाही पुष्कळ झाली. शिक्षकाने त्यातून एवढा बोध निश्चित घ्यावा की यंत्र व रसायन हाती येणे आणि ते हाताळण्याची रीत हाती येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली बाजारात मिळते. दुसरी शिकवावी लागते. आणि महाविद्यालयात येणारे अनेक विद्यार्थी त्याच शेतकरी कुटुंबांतील आहेत.

व्यवहारात पुढील गोष्टी करता येतील. प्रथम बंद इंजिनावर, बॅटरी व इंधनाविना, संपूर्ण क्रमाची तालीम घ्यावी. क्रम मोठ्या अक्षरांत लिहून मैदानावर लावावा. एका वेळी एकच इंजिन चालवावे. ‘थांबा’ हा शब्द कोणीही, अगदी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यानेही उच्चारला तरी सर्वांनी हात मागे घ्यावेत, असा संकेत ठेवावा. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेप्रमाणे उपक्रमाची नोंदवही ठेवून त्यात थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचीही नोंद करावी.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, विमान-प्रतिकृतीचे इंजिन सुरू करणे हे धाडसाचे किंवा हातचलाखीचे काम नसून क्रमाचे काम आहे. पंख्याचा वेग मानवी प्रतिक्रियेच्या आवाक्याबाहेरचा असल्याने सावधगिरीपेक्षा कार्यपद्धतीवर भर देणे आवश्यक ठरते. बॅटरी जोडताच पंखा सजीव मानणे, बोटाऐवजी काठी वा स्टार्टर वापरणे, प्रतिकृती दुसऱ्याने धरणे, सर्व जुळणी मागून करणे आणि अडलेल्या इंजिनावर जोर न लावणे या पाच गोष्टी पाळल्यास अपघाताची बहुतेक कारणे दूर होतात. त्यांसाठी लागणारा खर्च अल्प आहे. लागतो तो प्राध्यापकाचा वेळ. उत्प्रेरण, द्रवाची असंपीड्यता, कोनीय वेग हे धडे विद्यार्थ्याने या इंजिनावर जरूर शिकावेत. त्यासाठी त्याला बोट गमवावे लागू नये.